सांगली-साताऱ्यातून एमबीएचा अर्ज: चार प्रकारची कामं आणि लीडरशिप कागदावर कशी मांडायची

आपल्याकडच्या पोरापोरींचं करिअर सरळ रेषेत क्वचितच जातं. वालचंदमधून नाहीतर कराडच्या गव्हर्नमेंट कॉलेजमधून इंजिनिअर व्हायचं, कुपवाड किंवा सातारच्या एमआयडीसीत दोन वर्षं काढायची, मग सगळे मित्र पुण्यात म्हणून हिंजवडी गाठायची, तेवढ्यात घरात कुणाचं तरी आजारपण निघतं आणि परत येऊन बेदाण्याचा, हळदीचा किंवा दुधाचा धंदा सांभाळायचा. मधे कुणी दोन वर्षं एमपीएससीच्या अभ्यासिकेत काढलेली असतात, कुणी क्लासवर शिकवलेलं असतं. मग एमबीएचा फॉर्म उघडला की पहिला प्रश्न पडतो की हे सगळं एकत्र कसं दाखवायचं, बघणाऱ्याला वाटेल हा कुठेच टिकत नाही.

घाबरून लोक दोनपैकी एक करतात. एक तर निम्मं लपवतात, म्हणजे घरचा धंदा काढून टाकतात कारण तो "कॉर्पोरेट" वाटत नाही, नाहीतर सगळं एकाखाली एक ओतून मोकळे होतात. दोन्हीत नुकसान आहे. माझं मत असं आहे की वेगवेगळ्या कामांना जोडणारा धागा पदांच्या नावांत शोधायला गेलं तर सापडतच नाही, तो तुम्ही घेतलेल्या निर्णयांत असतो, आणि लीडरशिपसुद्धा तिथेच असते. हे डोक्यात ठेवून पुढचं सगळं वाचा.

आधी बघा, तुमच्या कॉलेजला हे सगळं हवंय का

सगळीकडे निबंध लागत नाहीत. महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीतून कॅप राउंडला, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेशफेरीला जाणार असाल, अगदी मुंबईच्या जमनालाल बजाजचं स्वप्न असेल तरी, तिथे खेळ प्रवेश परीक्षेच्या मार्कांचा आहे. तिथे लीडरशिपची गोष्ट घासत बसू नका, मॉक टेस्ट द्या.

कॅटचं, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेचं वेगळं. परीक्षा साधारण नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते आणि आयआयएम शॉर्टलिस्ट करताना कॅटचा स्कोअर, दहावी-बारावीचे आणि डिग्रीचे मार्क आणि बऱ्याच ठिकाणी कामाचे महिने असं गणित मांडतात. म्हणजे फॉर्ममध्ये तुमचा अनुभव बहुतेक करून आकडा म्हणूनच जातो, त्याची गोष्ट पुढे इंटरव्ह्यूला बाहेर पडते. महिने मोजताना सहसा डिग्रीनंतरचं फुल-टाइम काम धरतात, इंटर्नशिप आणि शिकता शिकता केलेलं पार्ट-टाइम काम धरत नाहीत, त्यामुळे प्रत्येक संस्थेचा त्या वर्षीचा नियम वाचूनच आकडा टाका. मुंबईच्या एसपी जैनसारख्या ठिकाणी प्रोफाइलला जास्त वजन असतं, तिथे फॉर्मवर वेळ घालवा.

आणि तिसरा प्रकार, ज्याच्यासाठी हा लेख खरा कामाचा आहे, तो म्हणजे अनुभवी लोकांचे एक वर्षाचे कोर्स आणि परदेशातली कॉलेजं. हैदराबादच्या आयएसबीच्या (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) पीजीपी कोर्सला किमान २४ महिन्यांचा अनुभव लागतो, आयआयएम अहमदाबादच्या पीजीपीएक्सला डिग्रीनंतर किमान ४ वर्षांचा. इथे जीमॅट किंवा जीआरई ही प्रवेश परीक्षा, रेझ्युमे, निबंध, शिफारसपत्रं असं सगळं लागतं. जीमॅट आता नव्या स्वरूपात आहे, सव्वादोन तासांची, तीन सेक्शनची, स्कोअर २०५ ते ८०५, आणि तो ५ वर्षं चालतो. म्हणून घरी जुनी पुस्तकं पडली असतील तर आधी नवा पॅटर्न तपासा.

पहिलं काम: वही काढा आणि सगळं लिहा

लॅपटॉप नको, वहीच घ्या. बारावीनंतर केलेलं प्रत्येक काम महिन्यासकट लिहा, पगार मिळाला असो वा नसो. नोकऱ्या, घरचा धंदा, क्लास, मंडळ, पुराच्या वेळचं काम, सोसायटीची निवडणूक, कॉलेजच्या टीमनं बनवलेली गाडी, सगळं. रयत शिक्षण संस्थेच्या कॉलेजात "कमवा आणि शिका" मधून शिकला असाल तर तेही लिहा. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी सुरू केलेल्या या संस्थेत काम करत शिकलेली किती तरी मुलं पुढे अर्जात त्याचा उल्लेखच करत नाहीत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण सकाळी बागेत नाहीतर ऑफिसात तास भरून मग लेक्चरला बसणारं पोरगं काय आहे हे मार्कशीटवरून कळत नाही. अनुभवाच्या महिन्यांत ते धरता येणार नाही, पण निबंधात ते हक्कानं येऊ शकतं.

प्रत्येक कामासमोर तीन गोष्टी लिहा. तिथे का गेलो, तिथून का निघालो, आणि मी नसतो तर तिथे काय झालं नसतं. तिसऱ्या प्रश्नाला वेळ लागतो, एका बैठकीत होत नाही, दोन-चार दिवस वही जवळ ठेवा.

त्याच वहीत कागदांचा हिशोब पण करा. ऑफर लेटर, रिलिव्हिंग लेटर, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पीएफचं खातं. लहान कारखान्यात बऱ्याचदा पगार निम्मा रोख असतो आणि रिलिव्हिंग लेटर मागितलेलंच नसतं, ते आत्ता जाऊन मागा, मालक ओळखीचे आहेत तोवर. घरच्या धंद्यात असाल तर उद्यम नोंदणी, जीएसटी, तुमच्या नावाचं आयटी रिटर्न. तुमच्या नावावर काहीच उत्पन्न दाखवलेलं नसेल तर "तीन वर्षं पूर्णवेळ काम केलं" हे पटवणं जड जातं, म्हणून पुढच्या वर्षी अर्ज करायचा विचार असेल तर आजच तुमच्या सीएंना भेटा. आणि तारखा खऱ्या लिहा. निवड झाल्यावर कॉलेजं पडताळणी करतात, आणि दोन महिन्यांचा गॅप बुजवण्यासाठी वाढवलेली तारीख मिळालेली सीट घालवू शकते.

धागा कसा शोधायचा

एक उदाहरण धरू आणि तेच शेवटपर्यंत वापरू. समजा एक मुलगा आहे, मेकॅनिकल इंजिनिअर, कुपवाडच्या फाउंड्रीत क्वालिटीला दोन वर्षं, मग पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगला दीड वर्ष, मग वडिलांच्या आजारपणामुळे तासगावला परत, बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आणि व्यापार, तिथे दोन वर्षं. वरवर बघितलं तर लोखंड, कॉम्प्युटर आणि मनुके. काय संबंध?

आता त्याच्या वहीतली "का" ची उत्तरं बघा. फाउंड्रीत रिजेक्शनचे, म्हणजे सदोष म्हणून बाद झालेल्या मालाचे, आकडे रजिस्टरमध्ये असायचे पण महिना संपल्यावरच कुणीतरी बघायचं, तोवर माल वितळवायला गेलेला. त्याला वाटलं माहिती गोळा करून लगेच दाखवणारी सिस्टिम कशी बनते ते शिकावं, म्हणून पुणे. तासगावला आल्यावर बघतो तर कुठल्या व्यापाऱ्याकडे किती येणं थकलंय हे फक्त वडिलांच्या डोक्यात. तीन जागा, पण त्याला खटकणारी गोष्ट एकच: छोट्या कारखान्यात आणि धंद्यात माहिती असते, पण निर्णय घेणाऱ्यापर्यंत ती वेळेवर पोचत नाही. हा धागा. आता एमबीए कशाला या प्रश्नाचं उत्तर पण यातूनच निघतं, वेगळं शोधावं लागत नाही.

धागा खरा आहे का याची परीक्षा सोपी आहे. तो तुमच्या सगळ्या नाही पण निदान बहुतेक बदलांचं कारण सांगतो का, आणि तुमच्यासोबत काम केलेल्या माणसाला ऐकवला तर तो "हो, तू तेव्हापण हेच बोलायचास" म्हणतो का. म्हणत नसेल तर तो धागा तुम्ही नंतर जुळवलाय. आणि जो बदल परिस्थितीमुळे झाला त्याला उगाच स्ट्रॅटेजी म्हणू नका. "वडिलांच्या आजारपणामुळे परत आलो" हे एक वाक्य सरळ लिहा, आणि पुढच्या वाक्यात आल्यावर काय केलंत ते लिहा. आपल्याकडे घरासाठी परत येणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि समोरच्यालाही ते कळतं.

एमपीएससी-यूपीएससीच्या वर्षांचंही तसंच. "फ्रीलान्स कन्सल्टंट" वगैरे नाव देऊन ती वर्षं झाकू नका, दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं. सरळ लिहा की या तारखेपासून या तारखेपर्यंत स्पर्धा परीक्षेची तयारी, पूर्व पास झाला असाल तर ते, सोबत क्लासवर शिकवत असाल तर किती मुलांना काय शिकवलं ते. आणि सोडायचा निर्णय कधी आणि का घेतला याचं उत्तर तयार ठेवा, कारण थांबायचं कधी हे ठरवणं हाही निर्णयच आहे आणि बऱ्याच जणांना तो घेता येत नाही.

रेझ्युमे: एक पान, आणि जागा कामाच्या वजनाप्रमाणे

एकच पान. दहा वर्षांचा अनुभव नसेल तर दुसऱ्या पानाची गरज नाही. सगळ्या नोकऱ्यांना सारखी जागा द्यायची नाही, जिथे तुमच्या हातून जास्त बदललं तिथे चार ओळी, जिथे फक्त काम केलं तिथे एक. आपल्या उदाहरणातल्या मुलाला वाटतं पुण्याची कंपनी मोठी म्हणून तिथे जास्त लिहावं, पण दीडशे जणांच्या टीममध्ये त्यानं टेस्ट केस चालवल्या, आणि तासगावात अख्खं कोल्ड स्टोरेज त्याच्या भरवशावर होतं. नाव मोठं कुठलं यापेक्षा काम कुठलं मोठं होतं ते बघा.

ओळ लिहायची कशी? आधी तो असं लिहितो: "कुटुंबाच्या बेदाणा व्यवसायात खरेदी, विक्री व हिशोबाची जबाबदारी सांभाळली." यातून काहीच कळत नाही. आता हे बघा: "हंगामात ३०० टन बेदाण्याची साठवण आणि ६ कामगार सांभाळले, वेळेत पैसे देणाऱ्या व्यापाऱ्यांना माल उचलण्यात पहिला नंबर देऊन सरासरी उधारी ७० दिवसांवरून ४५ वर आणली." आता धंदा केवढा आहे, काय अडचण होती, यानं कुठली युक्ती केली आणि फरक काय पडला, सगळं एका दमात कळतं. ३०० टन म्हणजे १५ किलोचे वीस हजार बॉक्स, हे इंटरव्ह्यूला तोंडी सांगता आलं पाहिजे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, अर्ज वाचणारा माणूस हैदराबादचा नाहीतर फ्रान्सचा असणार, त्याला सौदा, म्हणजे बेदाण्याचा लिलाव, म्हणजे काय, दिवाळीच्या सुमाराला सौदे बंद ठेवून जुनी देणीघेणी मिटवायची पद्धत काय, हे माहीत नाही. निबंधात जागा असेल तर अर्ध्या वाक्यात समजावून सांगा, रेझ्युमेत तो शब्दच टाळून साधं लिहा. आपल्याला रोजचं आहे म्हणून ते किरकोळ आहे असं समजू नका. उधारीवर चालणाऱ्या बाजारात पैसे वसूल करून ओळख टिकवणं हे जगातल्या कुठल्याही बिझनेस स्कूलला समजणारं काम आहे.

आकडे नोंदवलेलेच नसतील तर? छोट्या ठिकाणी नसतातच. मग मागे जाऊन प्रामाणिकपणे काढा. फाउंड्रीत महिन्याला अंदाजे ४० टन कास्टिंग निघत असेल आणि रिजेक्शन ७ टक्क्यांवरून साडेचारवर आलं असेल, तर अडीच टक्के म्हणजे महिन्याला एक टन धातू परत वितळवायचा वाचला. हे गणित तुम्ही कागदावर करून दाखवू शकता. अंदाज असेल तर "सुमारे" लिहा. जो आकडा तुम्हाला समोर बसून उलगडून सांगता येत नाही तो लिहूच नका.

पदाचं नाव खरं ठेवा. घरच्या धंद्यात सहा कामगार असताना "सीईओ" लिहिलेलं वाचलं की वाचणारा पुढचं सगळं संशयानं वाचतो. भागीदार असाल तर भागीदार, नसाल तर कामकाज बघत होतो असं लिहा. आणि वडिलांचा निर्णय कुठला, तुमचा कुठला, हे वेगळं ठेवा, इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न हाच येतो.

लीडरशिप म्हणजे नक्की काय लिहायचं

सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून इथे जरा थांबू.

बहुतेक जण लीडरशिप म्हटलं की पद शोधतात. कॉलेजात जीएस होतो, मंडळाचा अध्यक्ष होतो, टीम लीड होतो. पद लिहायला हरकत नाही, पण त्यावरून फक्त एवढंच कळतं की तुम्हाला कुणीतरी खुर्ची दिली. वाचणाऱ्याला बघायचं असतं की जे तुमचं ऐकायला बांधील नव्हते ते तुमच्यामागे का आले. म्हणून उलट्या बाजूनं शोधा. असा प्रसंग आठवा जिथे तुमच्या हातात अधिकार नव्हता, लोक वयानं किंवा अनुभवानं मोठे होते, एकमत नव्हतं, आणि तरी काम झालं.

फाउंड्रीतल्या त्या मुलाचा प्रसंग असा लिहिता येईल:

"रात्रपाळीचे मोल्डर रिजेक्शनचं रजिस्टर भरत नव्हते, कारण आकडा वाढला की बोलणी त्यांनाच बसायची. मी प्लांट हेडना विनंती केली की तीन महिने या रजिस्टरवरून कुणालाही नोटीस द्यायची नाही, आणि त्या काळात ऑडिटला काही निघालं तर उत्तर मी देईन. मग सगळ्यात जुन्या मोल्डरसोबत, ज्यांना सगळे मामा म्हणतात, दोन आठवडे रात्रपाळी केली. त्यांच्या सांगण्यावरून दोषांची नावं ते बोलतात तशी छापून घेतली. रजिस्टर भरायला लागल्यावर दिसलं की पावसाळ्यातले निम्मे दोष वाळूतल्या जास्तीच्या ओलाव्यामुळे येत होते. वाळू तपासायची वेळ बदलली आणि रिजेक्शन ७ टक्क्यांवरून साडेचारवर आलं."

यात "मी लीडर आहे" असं कुठेच नाही. पण लोक का ऐकत नव्हते हे त्यानं ओळखलं, वरच्याकडून काहीतरी मागून घेतलं, स्वतःच्या अंगावर धोका घेतला, मोठ्या माणसाचं ऐकलं आणि निकाल काय लागला ते सांगितलं. तुमच्या प्रसंगात यातलं काय आहे ते तपासा. धोका कुणी घेतला हा प्रश्न विशेष विचारा, कारण सगळ्या गोड गोष्टीत तोच गायब असतो.

पुराचं काम. २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या सांगलीकरांच्या अर्जात ते येणारच आणि यायलाच पाहिजे, पण लिहिताना फार जपून लिहा. "पूरग्रस्तांना ५०० किट वाटले" यातून काहीच उभं राहत नाही. बाहेरच्या वाचणाऱ्याला आधी एका वाक्यात सांगा की आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही कृष्णेची धोका पातळी आहे आणि तेव्हा पाणी त्याच्या कितीतरी वर होतं, म्हणजे प्रसंग केवढा होता ते त्याला कळेल. मग तुमचा निर्णय सांगा. कुठल्या गल्लीत आधी जायचं हे कुणी ठरवलं? औषधांची यादी कुणी केली? चार ठिकाणांहून येणारं तेच तेच सामान थांबवून जे लागतंय ते मागवायचं कुणाला सुचलं? तुमचा वाटा लहान असेल तर लहानच लिहा, "मी फोनवर बसून याद्या जुळवत होतो" हे खरं असेल तर पुरेसं वजनदार आहे. लोकांच्या घरात चिखल होता, त्या गोष्टीत आपण उठून दिसायचा प्रयत्न करू नये, आणि वाचणाऱ्यालाही ते खटकतं.

श्रमदानाचंही असंच. कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव २०१६ च्या वॉटर कपमध्ये, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, पहिलं आलं, त्यानंतर माण, खटाव, कोरेगाव भागातल्या कितीतरी तरुणांनी उन्हाळे चर खणण्यात घालवले. तुम्ही त्यात असाल तर "सहभाग घेतला" या दोन शब्दांवर सोडू नका. जी घरं येत नव्हती ती का येत नव्हती, बांधाचं भांडण कसं मिटवलं, दुसऱ्या आठवड्यात लोक कमी झाल्यावर काय केलं, हे लिहा.

मंडळाचं लिहायचं असेल तर वर्गणीचा हिशोब लोकांसमोर मांडायला लावला किंवा डॉल्बीऐवजी पारंपरिक वाद्यं लावायचं मंडळाला पटवलं, असा एखादा वादाचा प्रसंग घ्या, कोण विरोधात होतं आणि त्यांचं म्हणणं काय होतं तेही लिहा. विरोध करणाऱ्याचं म्हणणं नीट मांडता येणारा उमेदवार फार कमी दिसतो.

आणि "आम्ही" ची सवय. आपल्याला लहानपणापासून "मी केलं" म्हणायची चोरी, सगळं "आम्ही केलं". स्वभाव म्हणून ते चांगलंच आहे, पण अर्जात वाचणाऱ्याला तुमचा भाग शोधून सापडत नाही. एक सोपा नियम: निकाल सांगताना आम्ही, निर्णय आणि कृती सांगताना मी. श्रेय दुसऱ्याचं असेल तर नात्यानं किंवा पदानं द्या, जसं वर मामांना दिलंय.

असे प्रसंग पाच-सहा लिहून काढा आणि त्यातले दोन-तीन निवडा. निवडताना वेगवेगळ्या कामातले घ्या, एक नोकरीतला, एक घरच्या धंद्यातला, एक गावातला. मग तुमचा विविध अनुभव आपोआप दिसतो, "माझा अनुभव विविधांगी आहे" असं वाक्य लिहावं लागत नाही.

निबंध लिहायला बसल्यावर

पहिला ड्राफ्ट लिहूच नका, बोला. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून जवळच्या मित्राला नाहीतर ताईला आपल्या भाषेत सांगा की मी काय केलं आणि आता मला काय शिकायचंय, मग ते ऐकून लिहायला घ्या. बोलताना माणूस खरं कारण सांगतो, लिहायला बसला की ब्रोशरची भाषा सुरू होते.

प्रत्येक प्रश्न दोनदा वाचा. स्टॅनफर्ड अनेक वर्षं विचारतं की तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय आणि का, तिथे करिअरची यादी चालत नाही. हार्वर्डनं २०२४ पासून तीन छोटे निबंध ठेवले, त्यातला एक थेट लीडरशिपवर. काही ठिकाणी सध्याच्या कामाबद्दल हाताखालची माणसं, बजेट आणि निकाल असं सगळं विचारतात आणि मग आजवरच्या प्रत्येक बदलाचं कारण. वहीतलं "का गेलो, का निघालो" तिथे जसंच्या तसं कामाला येतं.

पुढचं ध्येय लिहिताना धाग्याला धरून राहा. आपल्या मुलानं जर "कन्सल्टिंग करून मग स्टार्टअप" असं लिहिलं तर ते कुणाचंही असू शकतं. त्यानं लिहावं की आधी अन्नप्रक्रिया किंवा पुरवठा साखळीत ऑपरेशन्सची मोठी जबाबदारी, आणि पुढे द्राक्ष-बेदाणा पट्ट्यातल्या छोट्या साठवणदारांना साठा आणि उधारी एका जागी दाखवणारा व्यवसाय. आणि आपल्याला काय येत नाही हेही लिहावं, त्याला फायनान्स येत नाही, बँकेकडून खेळतं भांडवल घेताना दरवेळी दुसऱ्याच्या शब्दावर सही करावी लागते. एमबीए आत्ताच का याला यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

शिफारसपत्र

वडिलांचं, काकांचं, आत्याच्या मिस्टरांचं चालत नाही, आडनाव वेगळं असलं तरी. घरच्या धंद्यात असाल तर ज्यानं तुमचं काम बाहेरून बघितलंय असा माणूस शोधा, तुमच्याकडे माल ठेवणारा मोठा गिऱ्हाईक, दुसऱ्या शहरातला खरेदीदार, सीए. सोबत जुन्या नोकरीतले साहेब. आमदार-खासदारांचं पत्र मिळत असेल तरी घेऊ नका, त्यांनी तुमचं काम बघितलेलं नसतं आणि ते पत्रात दिसतं.

आता नेहमीची अडचण. साहेब म्हणतात, "अरे तूच लिहून आण, मी सही करतो." नाही म्हणणं अवघड असतं, पण कॉलेजांना हे चालत नाही आणि तुमच्या निबंधाची आणि पत्राची भाषा एकच निघाली की लगेच लक्षात येतं. त्यावर मार्ग असा: एका पानावर तुम्ही सोबत केलेली कामं, तारखा आणि आकडे लिहून द्या, अर्धा तास मागून घ्या, समोर बसून आठवणी ताज्या करा आणि लिहायचं त्यांच्यावर सोडा. "सर, तुमच्या शब्दात दोनच प्रसंग आले तरी पुष्कळ आहे," असं सांगितलं की ते तयार होतात. बऱ्याच परदेशी कॉलेजांच्या सामाईक फॉर्ममध्ये विचारतात की तुम्ही या उमेदवाराला दिलेला सगळ्यात महत्त्वाचा सुधारणेचा सल्ला कुठला आणि त्यानं पुढे काय केलं. आपल्याकडची भली माणसं तिथे "काही उणीव नाही" लिहून टाकतात, प्रेमानं, पण त्यानं पत्र पडतं. हा प्रश्न येणार हे त्यांना आधीच सांगा. कारखान्याच्या अधिकृत ईमेलचंही आधीच बघा, मालक साध्या जीमेलवरून सगळं करत असतील तर कॉलेजला आधी मेल करून विचारा.

वेळापत्रक, हंगाम बघून

परदेशी कॉलेजांचा पहिला राउंड बहुतेक सप्टेंबरच्या आसपास आणि दुसरा जानेवारीच्या सुरुवातीला बंद होतो. द्राक्षाचा आणि बेदाणा शेडचा हंगाम जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, म्हणजे घरचा हाच धंदा असेल तर दुसरा राउंड आणि त्याचे इंटरव्ह्यू नेमके धावपळीत येतात. शक्य असेल तर पहिल्याच राउंडला जा, एप्रिल संपला की वही काढा, जूनपर्यंत जीमॅट, पावसाळ्यात निबंध. आयआयएमचे इंटरव्ह्यू साधारण फेब्रुवारी ते एप्रिल असतात, तिथे पर्याय नाही, त्या दिवसांत शेडवर कोण उभं राहणार हे घरात आधीच ठरवून घ्या.

इंटरव्ह्यू

पॅनेल विविध अनुभवाच्या माणसाला फिरवून एकच गोष्ट विचारतं: तुम्ही टिकता का. "दीड वर्षात पुणे सोडलंत, आमचा कोर्स पण सोडाल का?" चिडू नका आणि लांबण लावू नका. घरचं कारण एका वाक्यात, पुण्यात काय पूर्ण करून निघालात ते एका वाक्यात, तासगावात ते कसं वापरलंत ते एका वाक्यात. थांबा. त्यांना पुढे विचारायचं असेल तर विचारतील.

दुसरा प्रश्न डिग्रीचा. मेकॅनिकल असाल तर सॉफ्टवेअरला जाऊन किती का वर्षं झालेली असेनात, थर्मोडायनॅमिक्सचं मूलभूत विचारतातच.

तिसरा गावाचा. सांगली म्हटलं की हळद, बेदाणा, पूर, नाट्यपंढरी यातलं काहीही येऊ शकतं. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, किर्लोस्करांच्या कारखान्याभोवतीची वसाहत किर्लोस्करवाडी १९१० ची, एवढं तोंडावर असू द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. तुम्ही त्या धंद्यात असाल तर पुढचा प्रश्न असतो की मानांकनामुळे तुमच्या दरात काय फरक पडला, आणि त्याचं उत्तर बाजारात उभं राहिलेल्या माणसाकडूनच अपेक्षित असतं. फरक पडला नसेल तर तसं सांगा आणि का पडला नाही ते सांगा.

मॉक इंटरव्ह्यूसाठी महागडा क्लासच लागतो असं नाही. एक तुमच्या क्षेत्रातला माणूस बसवा आणि एक अजिबात नसलेला, शाळेतल्या बाई किंवा बँकेत काम करणारी मैत्रीण. क्षेत्रातला माणूस आकड्यात पकडेल, आणि बाईंना जे कळलं नाही ते पॅनेललाही कळणार नाही. प्रत्येक खऱ्या इंटरव्ह्यूनंतर गाडीत बसल्या बसल्या विचारलेले सगळे प्रश्न वहीत उतरवा, कुठे अडखळलात त्यासकट, कारण पुढच्या कॉलेजचा कॉल कधीकधी त्याच आठवड्यात असतो आणि निम्मे प्रश्न तेच येतात.